बाहेरची नाताळ-रोषणाई: वळचण आणि कठडा झाला, गेट बाकी

वळचणीची माळ लागली, कठडाही झाला, अंगणातलं झाड अर्ध्यावर आहे. गेट मुद्दाम शेवटी ठेवलंय. रस्त्यावरून हात पोचेल अशी माळ सगळ्यात आधी गायब होते, तिथली बांधणी घाईत उरकण्यासारखी नाही.

टांगण्याआधी प्रत्येक माळ जमिनीवर पसरून वायर बोटांतून सरकवत तपासली. होल्डरच्या मानेपाशी वायर कडक लागली की तिथे बारीक भेग असतेच असं समजा. अशी माळ टेप गुंडाळून चालवायची नाही, बाद करायची. खोक्यावर आयपी ४४ (धूळ-पाणी किती सोसेल त्याचा आकडा) दिसलं की आपण खूश होतो, पण ४४ म्हणजे फक्त पाण्याचे शिंतोडे चालतील. झोत सोसायला ६५ लागतं. शिवाय हा आकडा माळेचा असतो. अडॅप्टरवर काय छापलंय ते वेगळं वाचा. माझा अडॅप्टर घरातच आहे, त्यामुळे तो भिजत नाही आणि चोरीलाही जात नाही.

वळचणीला खिळे नाहीत, स्टेपल नाहीत, फक्त प्लास्टिकच्या क्लिपा. शिडी टेकते त्या उंचीच्या चौथ्या हिश्शाइतका तिचा पाया भिंतीपासून लांब. जोड जमिनीपासून वर ठेवले आणि प्लगच्या अलीकडे वायरला खाली झोल दिला, म्हणजे ओघळ तळाशीच टपकून जातो. जोडाला पिशवी घट्ट बांधू नका, आत दमटपणा साचतो. बाहेरची लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंट गळला की वीज तोडणारा खटका) आहे. टेस्टचं बटण दाबून पाहिलं, लगेच पडतो. एक्सटेन्शनची रीळ असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते.

आता खरी डोकेफोड: कठडा. माळ नुसती वेढली तर एक टोक ओढलं की अख्खी सुटून येते. म्हणून ती गजांमधून नागमोडी ओवली आणि मधे मधे उन्हाला टिकणारे काळे केबल टाय घेतले. पण इथेच चोरापासूनचा बंदोबस्त आणि विजेची सुरक्षा एकमेकांच्या आड येतात. टाय करकचून आवळला की इन्सुलेशन दबतं, आणि लोखंडी कठड्यावर मेनलाइनची माळ असेल तर कठड्यातच करंट उतरू शकतो. म्हणून तिथे कमी व्होल्टेजचीच माळ लावली, आणि टाय इतकाच ओढला की आत वायर जेमतेम फिरते. टायची शेपटी मुळाशी कापली, नाहीतर ओढायला आयता धागा मिळतो. कुलूपबंद प्लगपेटी मला पटत नाही, निदान खटका आवाक्यात नसेल तर. जळका वास आला की चावी शोधत बसायचं का? आणि कुंपणात करंट सोडायचा सल्ला देणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार.

प्रोजेक्टरची जमिनीत खुपसायची काठी क्षणात उपटते, म्हणून तो भिंतीला स्क्रूने बसवला. माळांवर रंगाची खूण केली, फोटो काढून ठेवले, रिकामी खोकी आतच ठेवली. रात्री टायमरने रोषणाई बंद झाली की अंगण काळोखात जातं. त्यासाठी हालचालीवर पेटणारा दिवा, वेगळ्या खटक्यावर.

गेटची झडप रोज उघडते, त्यामुळे बिजागरीपाशी वायर चिमटण्याची भीती आहे. सध्या झडप सोडून फक्त खांबांवर, हात पोचणार नाही इतक्या वर लावायचा विचार आहे. कुणी चालत्या झडपेवर माळ लावली असेल तर वायर कुठून वळवली ते सांगा.