फंक्शनच्या आतलं 'रीडओन्ली' आत राहत नाही

बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवर कमांड आणि स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलमध्ये, फंक्शनच्या आत व्हेरिएबलला किंमत दिली की ते अख्ख्या स्क्रिप्टचं होतं. 'लोकल' लिहिलं की ते आत राहतं. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण किंमत पुन्हा बदलू न देणारं 'रीडओन्ली' लिहिल्याने व्हेरिएबल लोकल होत नाही, हे मात्र हमखास निसटतं.

समजा, एका फंक्शनची पहिलीच ओळ आलेल्या फाइलचं नाव 'रीडओन्ली' व्हेरिएबलमध्ये ठेवते, आणि ते फंक्शन लूपमधून तीन फायलींवर चालवलंय. पहिली फाइल सुरळीत पार पडते. दुसऱ्या वेळी व्हेरिएबल रीडओन्ली असल्याची एरर येते, पण बॅश तिथे थांबत नाही. पुढच्या ओळी चालूच राहतात, आणि व्हेरिएबलमध्ये अजून पहिल्याच फाइलचं नाव असतं. म्हणजे एकाच फाइलवर तीनदा काम! त्या ओळींत फाइल पुसण्याची कमांड असेल तर काय होईल, याचा विचार करा. डॅश हा दुसरा शेल अशा वेळी स्क्रिप्टच थांबवतो, आणि मला तेच बरं वाटतं.

उपाय सोपा आहे: 'लोकल'ला 'आर' पर्याय लावा. व्हेरिएबल फंक्शनपुरतंही राहतं आणि बदलतही नाही.

इथे आणखी एक खड्डा आहे. 'लोकल'च्याच ओळीत कमांडचं आउटपुट भरलं, तर कमांड फसली तरी एक्झिट कोड (कमांड जमली की फसली ते सांगणारा आकडा) 'लोकल'चा मिळतो, म्हणजे 0, अर्थात 'जमली'. कमांड फसताच स्क्रिप्ट थांबवणारा 'सेट'चा 'ई' पर्याय चालू असूनही स्क्रिप्ट पुढे जाते. म्हणून तीन ओळी करा: आधी नुसतं 'लोकल', मग किंमत भरून एक्झिट कोड तपासणं, शेवटी 'लोकल' आणि 'आर'. ओळी वाढतात, वाढू द्या.

ग्लोबल रीडओन्लीचं नाव फंक्शनमध्ये 'लोकल' म्हणूनही पुन्हा घेता येत नाही, एररच येते. त्यामुळे स्क्रिप्टभरचे स्थिरांक मोठ्या अक्षरांत आणि लोकल नावं लहान अक्षरांत ठेवावीत. तसंच 'लोकल' व्हेरिएबल त्या फंक्शनने बोलावलेल्या दुसऱ्या फंक्शनलाही दिसतं, आणि ते दुसरं फंक्शन त्याची किंमत बदलूही शकतं.

एकदा लावलेलं रीडओन्ली, व्हेरिएबल काढून टाकणाऱ्या 'अनसेट'ने निघत नाही. सबशेलमध्येही (चालू शेलच्या प्रतीत) ते कायम राहतं. नव्याने सुरू केलेल्या बॅशमध्ये मात्र 'एक्सपोर्ट' केलेली किंमत पोचते, कुलूप पोचत नाही; तिथे ते पुन्हा लावावं लागतं.