बाहियाचा सतरा सप्टेंबर

ब्राझीलच्या बाहिया राज्याची राजधानी असलेल्या साल्वादोरला राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी माझी एक फजिती झाली. ब्राझीलचा स्वातंत्र्यदिन ७ सप्टेंबरला असतो एवढे वाचून आले होते, म्हणून त्या सकाळी शेजारच्या आजींना मी मोठ्या उत्साहाने शुभेच्छा दिल्या. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "तो तिकडच्या साओ पावलोचा दिवस. आमचा जुलैतच होऊन गेला." मी परभणीची असल्यामुळे याहून अधिक खुलासा मला लागला नाही. आमच्या शाळेत १५ ऑगस्टला झेंडावंदन होई तसे १७ सप्टेंबरलाही होई, आणि १९४७ नंतरही तेरा महिने आपल्या गावावर निजामाचाच अंमल होता, हे आम्हाला पाठ्यपुस्तकाआधी घरातूनच कळलेले होते.

ब्राझीलच्या स्वातंत्र्याची हकिकत मुळातच जगावेगळी आहे. नेपोलियनच्या फौजांपुढून निसटून पोर्तुगालचा राजदरबार १८०८ मध्ये रिओला आला, १८२१ मध्ये राजा लिस्बनला परतला, आणि मागे ठेवलेल्या युवराज पेद्रोने ७ सप्टेंबर १८२२ रोजी साओ पावलोजवळ इपिरांगा ओढ्याच्या काठी स्वातंत्र्य जाहीर केले. शेजारच्या स्पॅनिश वसाहती प्रदीर्घ युद्धे लढून प्रजासत्ताके होत असताना इथे राजपुत्रच सम्राट झाला. त्यामुळे ब्राझीलला स्वातंत्र्य रक्त न सांडता मिळाले, असा समज अजूनही आढळतो. बाहियात मात्र तो बोलून दाखवू नये.

इथला संघर्ष इपिरांगाच्या घोषणेआधीच पेटला होता. फेब्रुवारी १८२२ मध्ये लिस्बनने नेमलेल्या मादेइरा दे मेलो या सेनानीच्या सैनिकांनी साल्वादोरचा ताबा घेतला, आणि लापाच्या मठात शिरू पाहणाऱ्या शिपायांना दारात अडवणारी मठप्रमुख जोआना आंजेलिका संगिनीने मारली गेली. २५ जूनला पाराग्वासू नदीकाठच्या काशुएरा गावाने पेद्रोचा पक्ष घेतला, तेव्हा नदीतल्या पोर्तुगीज तोफनौकेने गावावर मारा केला. गावकऱ्यांनी पुढे ती नौकाच ताब्यात घेतली. त्यानंतर वर्षभर शहर पोर्तुगीजांकडे आणि त्याला धान्य, मांस व कसाव्याचे पीठ पुरवणारा भोवतालचा मुलूख बंडखोरांकडे, अशी स्थिती राहिली. ८ नोव्हेंबरच्या पिराजाच्या लढाईबद्दल एक आख्यायिका इथे फार आवडीने सांगतात: माघारीचा इशारा द्यायला सांगितलेल्या रणशिंगवाल्याने घोडदळाच्या हल्ल्याचा इशारा वाजवला आणि पोर्तुगीजच घाबरून पळाले. खरे-खोटे कोणी विचारत नाही, आणि मीही विचारले नाही. मे १८२३ पासून पेद्रोच्या बाजूने लढणाऱ्या लॉर्ड कॉक्रेन या ब्रिटिश दर्यावर्दीच्या आरमाराने समुद्राची वाटही धोक्याची केली. शहराची उपासमार होऊ लागली आणि २ जुलैच्या पहाटे पोर्तुगीज फौज जहाजांवर चढून निघून गेली. त्याच दिवशी फाटक्या कपड्यांतले, पुष्कळसे अनवाणी असलेले विजयी सैन्य गुराढोरांच्या ज्या रस्त्याने शहरात आले, त्या वस्तीचे नाव आज लिबेर्दाद, म्हणजे स्वातंत्र्य, असे आहे.

या सैन्यात मारिया कितेरिया होती. ती पुरुषी वेश करून, मेहुण्याचे आडनाव लावून भरती झाली होती आणि पुढे खुद्द सम्राटाने तिला सन्मानचिन्ह दिले. समोरच्या इतापारिका बेटावरच्या मारिया फेलिपा या कृष्णवर्णीय स्त्रीने इतर बायकांसह शत्रूच्या सैनिकांना खाजऱ्या पानांच्या फांद्यांनी झोडपल्याची कथा लोकस्मृतीने जपली आहे. बरेचसे शिपाई कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय होते. सेनापती लाबातू या फ्रेंच माणसाने गुलामांनाही भरती करण्याचा आग्रह धरला, तेव्हा ऊसमळ्यांचे मालक बिथरले आणि विजयाच्या काही आठवडे आधी त्याला त्याच्याच अधिकाऱ्यांनी अटक केली. पोर्तुगीज गेले, पण गुलामगिरी १३ मे १८८८ पर्यंत टिकली. आमच्या मुक्तिसंग्रामाशी तुलना करण्याचा मोह मला इथे आवरावा लागतो, कारण इथे जे लढले त्यांतल्या अनेकांचे आप्त त्यानंतर पासष्ट वर्षे दुसऱ्याची मालमत्ता म्हणूनच जगले.

कदाचित म्हणूनच २ जुलैच्या उत्सवाचा नायक सम्राटही नाही आणि सेनापतीही नाही. लापिन्या चौकातून निघणाऱ्या मिरवणुकीत पानाफुलांनी मढवलेल्या दोन गाड्यांवर काबोक्लो आणि काबोक्ला, म्हणजे मूलनिवासी वेशातला पुरुष आणि स्त्री, विराजमान असतात. पुरुषाचा भाला पायाखालच्या सर्परूपी जुलमात रुतलेला असतो. जुलै हा इथला पावसाळा, त्यामुळे यंदा आम्ही छत्र्या घेऊनच उभे होतो. पुढून शाळांची वाद्यपथके गेली, मागून आलेल्या पुढाऱ्यांना काही घरांतून टाळ्या आणि काहींतून हुर्यो मिळाली. गाडी जवळ येताच आजींनी घडी केलेली चिठ्ठी पुढे सरकवली. लोक नवस बोलतात, गाऱ्हाणी घालतात. फारच कुरकुर करणाऱ्याला "जा, काबोक्लोच्या पायाशी जाऊन रड" असे सुनावण्याची पद्धतही त्यातूनच पडली आहे. विमानतळाचे नाव पूर्वी 'दोन जुलै' होते आणि १९९८ मध्ये ते बदलून एका दिवंगत राजकारण्याचे दिले गेले. आजींचे गाऱ्हाणे बहुधा याबद्दलचेच असावे, असे त्यांची नात मला हळूच म्हणाली.

मूर्ती काही दिवस काम्पो ग्रांदच्या चौकात राहतात आणि ५ जुलैच्या संध्याकाळी लापिन्याला परततात. त्या परतीला पुढारी फारसे नसतात आणि ढोल अधिक असतात, म्हणून पुढच्या वर्षी तेव्हाच यायचे असे आजींनी मला बजावले आहे.