पॅनेलला ऊन दाखवताना

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. तुम्ही म्हणजे तुम्ही एकटेच नव्हे. कुणी लग्नात गाठतं, कुणी सिंहगडाच्या पायथ्याशी चहा पिताना, आणि प्रश्न ठरलेला: "ताई, सायकलच्या मागे सोलर लावलेला तुमचा फोटो बघितला. दिवसभरात फोन किती चार्ज होतो? मीपण घेऊ का?"

तो फोटो आरे-वारेचा आहे. डिसेंबर महिना, दुपारचे बारा. उजव्या हाताला खाली समुद्र, पुढे रत्नागिरीकडे जाणारा रस्ता, आणि माझ्या कॅरिअरवर दोन्ही पॅनिअरच्या, म्हणजे बाजूला लटकणाऱ्या पिशव्यांच्या, मधोमध पसरलेलं तीन घड्यांचं काळं पॅनेल. फोटो झकास आलाय, त्यात वाद नाही. फक्त एकदा मोठा करून बघा. पॅनेलवर माझ्या पाठीची आणि हेल्मेटची सावली आडवी पडली आहे. त्या क्षणी पॅनेल जवळजवळ काहीच देत नव्हतं.

झालं असं, की आम्ही दोघी अलिबागहून निघून वेंगुर्ल्याकडे चाललो होतो. म्हणजे सगळा प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे. डिसेंबरात आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावर नसतो, दक्षिणेला कललेला असतो. कोकणात तो भर दुपारीसुद्धा पन्नास अंशांच्या फारसा वर जात नाही. तुम्ही दक्षिणेला तोंड करून चालवताय, सूर्य समोर, पॅनेल मागे आणि मध्ये तुम्ही. सगळ्यात चांगलं ऊन असतं त्या दोन-अडीच तासांत मी स्वतःच त्या पॅनेलवर छत्री धरून बसले होते. चार दिवस ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मागून येणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझीच सावली पडत्ये त्याच्यावर," तेव्हा कुठे उजेड पडला. पॅनेलवर नव्हे, माझ्या डोक्यात.

एवढी थोडी सावली पडली तर काय बिघडलं, असं मलाही वाटायचं. बिघडतं. एका घडीतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. पाण्याच्या नळीवर कुठेही पाय दिला तरी पुढे पाणी कमीच येणार, तसंच इथे. एका सेलवर गडद सावली आली की त्या घडीचा सगळा प्रवाह बसतो. आणि कोकणातला रस्ता म्हणजे आंबा, काजू, फणस. चालवणाऱ्याला ती सावली म्हणजे सुख, पॅनेलला मात्र दर मिनिटाला लाईट गेल्यासारखं. त्यातून फोन थेट पॅनेलला लावला असेल तर आणखी गंमत: झाडाखालून बाहेर आलात तरी काही फोन पुन्हा चार्जिंग सुरूच करत नाहीत, किंवा कासवाच्या गतीने करतात. म्हणून पॅनेलवर फोन लावू नये, पॉवर बँक लावावी, आणि बँकेवरून रात्री फोन.

हे सगळं मी आता शहाणपणाने सांगते आहे, पण घेताना खोक्यावरचा आकडा बघूनच घेतलं होतं. खोक्यावर लिहिलं होतं २८ वॉट. घरी आल्यावर शिवणाच्या डब्यातली टेप काढून मोजलं. प्रत्येक घडीतला काळा भाग २४ सेंटिमीटर बाय १५, अशा तीन. चांगल्या प्रतीचं सिलिकॉन एका चौरस मीटरला साधारण २०० ते २२० वॉट देतं. त्या हिशोबाने माझ्या पॅनेलची कमाल झेप २४ वॉटच्या आतच. आणि हा आकडासुद्धा प्रयोगशाळेतला: चौरस मीटरला १००० वॉट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. आपल्या उन्हात काळं पॅनेल सहज साठ अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के कमी देतं. वर तारेतली, यूएसबीच्या सर्किटमधली घट वेगळी. दुकानात जाल तेव्हा टेप घेऊन जा, एवढंच म्हणते.

पाठीवर छोटंसं पॅनेल चिकटवलेली पॉवर बँक घेऊ का, हाही प्रश्न असतो. नको. तळहाताएवढ्या काचेतून लख्ख उन्हात जेमतेम दीड-दोन वॉट मिळतात. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ७४ वॉट-अवर (एक वॉट तासभर मिळाला की एक वॉट-अवर). भागाकार करून बघा. आठवडाभर उन्हात ठेवलीत तर भरेल, आणि तोवर तापून तापून तिचं आयुष्य कमी झालेलं असेल.

पॅनेलबरोबर मी तीन-चारशे रुपयांचा यूएसबी मीटर घेतला होता. पॅनेल आणि बँक यांच्या मध्ये तो खोचला की किती व्होल्ट, किती अँपिअर ते छोट्या पडद्यावर दिसतं. या सगळ्या प्रकरणात मी केलेली ही एकमेव शहाणी खरेदी. चालत्या सायकलवर तो ०.२ पासून ०.८ पर्यंत उड्या मारायचा. सरासरी ०.४ अँपिअर धरा, म्हणजे यूएसबीच्या पाच व्होल्टला दोन वॉट. पाच तास सायकल चालवली की दहा वॉट-अवर. पाच हजार एमएएचच्या फोनची बॅटरी असते एकोणीसच्या आसपास. दिवसभर मिरवून अर्धा फोन.

आता वेळणेश्वरची दुपार सांगते. आरे-वारेच्या आदल्या दिवशीची. एका घरगुती खानावळीत जेवायला थांबलो. पुढच्या खळ्यात सुपारी वाळत घातली होती, सगळं खळं केशरी-तपकिरी. आजी पायानेच सुपारी वरखाली करत होत्या, सगळ्या अंगाला ऊन लागावं म्हणून. मी विचारलं, हे पॅनेल इथे कडेला ठेवू का. त्यांनी आधी पॅनेल बघितलं, मग मला.

"आमच्या सुपारीला चाळीस उन्हं दाखवावी लागतात. तुमच्या याला किती?"

म्हटलं, दोन तास पुरतील. मी पॅनेल जमिनीवर सपाट ठेवलं. मीटर १.४ वर. आजींनी नारळाचं एक सोडण पायाने सरकवून पॅनेलच्या मागच्या कडेखाली दिलं. पॅनेल सूर्याकडे तोंड करून कललं, मीटर १.९. कलती उन्हं सपाट अंगावर पुरती बसत नाहीत हे मी शाळेत शिकले होते, त्यांनी अख्खा जन्म खळ्यात बघितलं होतं. आम्ही आत सोलकढी पीत होतो तेव्हा बाहेरून आवाज आला, "माडाची सावली आली हो, सरकवत्ये मी!" दोन वेळा सरकवलं त्यांनी. निघताना हिशोब केला तर दोन तासांत अठरा वॉट-अवर. सबंध दिवस पाठीवर वागवून मिळायचं त्याच्या जवळपास दुप्पट, जेवता जेवता.

त्यानंतर मी पॅनेल चालत्या सायकलवर लावणं सोडून दिलं. (आरे-वारेच्या फोटोपुरतं परत लावलं होतं, हे कबूल करायला हवं. फोटोसाठी माणूस काय काय करतं.) जिथे थांबायचं तिथेच उघडायचं. आणि या रस्त्यावर थांबावं लागतंच. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार खाड्या जंगल जेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, ओलांडाव्या लागतात. जेट्टी नुकतीच सुटलेली असते, पुढची यायची असते. धक्क्याच्या कठड्यावर पॅनेल टेकवायचं आणि भेळ खायची. मात्र बँक पॅनेलच्या मागच्या खिशात ठेवू नका. तो खिसा त्यासाठीच शिवलेला असतो, आणि तीच सगळ्यात वाईट जागा: वर तापलेलं पॅनेल, आत लिथियमची बॅटरी. ४५ अंशांच्या वर तिला चार्ज करणं बरं नव्हे. माझी बँक एकदा इतकी गरम झाली की हातात धरवेना, आणि चार्जिंग बंदच पडलं. लांब वायर घ्या, बँक सावलीत चपलेखाली ठेवा.

पण खरं विचाराल तर कोकणात पॅनेल लागतच नाही. मुक्काम रोज घरात किंवा लॉजवर, प्लग रोज मिळतो. माझा दिवसाचा खर्च अठरा ते वीस वॉट-अवर: चौदा फोनचे, बाकी पुढचा-मागचा दिवा आणि घड्याळ. वीस हजार एमएएचची बँक, घट वजा जाऊन साठच्या आसपास देते. म्हणजे तीन दिवस कुठेही प्लग मिळाला नाही तरी चालेल. पॅनेलचं वजन सातशे ग्रॅम. केळशीच्या पुढचे चढ चढताना सातशे ग्रॅम काय असतात ते मांड्यांना विचारा. त्यापेक्षा दोन मीटर वायरचा छोटा मल्टीप्लग न्या, कारण जुन्या घरांत बोर्ड हटकून कपाटामागे किंवा देव्हाऱ्याच्या वर असतो. आणि खोलीत शिरल्या शिरल्या आंघोळीच्याही आधी बँक लावा. लाईट संध्याकाळी जाते.

त्याहून मोठी बचत फोनमध्येच आहे. नकाशा आधी उतरवून घ्यायचा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. खाडीकाठच्या दरीत टॉवर शोधत बसलेला फोन खिशातल्या खिशात बॅटरी खातो, आणि आपण दोष देतो उन्हाला.

डायनॅमोचं काय, असं एक काका हमखास विचारतात. आमच्या वडिलांच्या सायकलला टायरला घासणारा बाटलीचा डायनॅमो होता, सहा व्होल्ट तीन वॉटचा. लावला की पेडल जड व्हायचं आणि थांबलं की दिवा विझायचा. आता तो पुढच्या चाकाच्या हबमध्ये येतो, घासत नाही, उत्तम असतो. पण तीन वॉट मिळायला ताशी पंधराचा वेग हवा. कोकणातल्या चढावर मी सात-आठने जाते. युरोपात नदीकाठच्या सपाट रस्त्यांनी महिनोन् महिने फिरणार असाल तर जरूर घ्या.

मग पॅनेल उपयोगी पडलंच नाही का? पडलं, एकदा, आणि भरपूर. मनाली-लेह. दारचा गाव मागे पडलं की लाईट म्हणजे वाटेतल्या सरचू, पांगच्या तंबूंमधला संध्याकाळचा दोन तासांचा जनरेटर, आणि एका बोर्डावर लटकलेले अकरा चार्जर. सरचू चार हजार मीटरच्या वर. मैत्रिणीचं डोकं ठणकायला लागलं म्हणून आम्ही वर न चढता एक दिवस तिथेच पडून राहिलो. तंबूच्या दोरीला पॅनेल टांगलं. हवा विरळ, ऊन करकरीत, आणि गारठ्यामुळे पॅनेल तापत नव्हतं. मीटरवर २.४. हा आकडा मी कोकणात कधी पाहिला नाही. संध्याकाळपर्यंत बँक जवळजवळ भरली, आणि शेजारच्या तंबूतल्या दोघा मुलांचा फोनही त्यावर थोडा चार्ज झाला. रात्री मात्र बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. शून्याखाली गोठलेली लिथियम बॅटरी सकाळी तशीच चार्जिंगला लावली की कायमची दुखावते.

तर तुमचं उत्तर: कुठे जाताय, आणि सलग किती रात्री प्लगशिवाय काढणार आहात, ते आधी सांगा. तीनपर्यंत असतील तर बँक. त्याहून जास्त असतील आणि वाटेत बसून राहायचे दिवस असतील, तर पॅनेल. पुण्यात असाल तर विकत घ्यायच्या आधी माझंच घेऊन जा, माळ्यावर पडून आहे. एका घडीची शिवण उसवली आहे, चालतं. मीटर तेवढा आठवणीने परत आणा. मागच्या वेळी नेलेला अजून आलेला नाही, हा दुसरा आहे.