महासागर पार करायला बोट: यादी आता दोघींवर

अटलांटिक पार करायला शिडाची बोट विकत घ्यायची आहे. मागच्या वेळच्या लांबलचक यादीतून आता दोनच नावं उरली: कॉन्टेसा ३२ आणि रस्लर ३६ (आकडा म्हणजे फुटांतली लांबी). बेत तोच. कॅनरी बेटांवरून कॅरिबियन, सुमारे २,७०० सागरी मैल, बोटीवर आम्ही दोघं.

मागून ऐसपैस रुंद असलेल्या नव्या बोटी सगळ्यात आधी कटाप. मरिनात, म्हणजे बोटी ठेवायच्या धक्क्यात, झकास दिसतात, पण एकदा उलट्या झाल्या की तशाच तरंगत राहण्याची त्यांची खोड मला नको. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचा जीव घेतला. त्यानंतर बोट उलटण्याचा धोका जोखायला निघालेलं सूत्र सोपं आहे: बोटीचं वजन पौंडांत घ्या, ६४ ने भागा, घनमूळ काढा आणि फुटांतल्या रुंदीला त्याने भागा. उत्तर २ च्या आत हवं. कॉन्टेसा (९,५०० पौंड, साडेनऊ फूट) १.७९, रस्लर (१६,८०० पौंड, ११ फूट) १.७२. त्या फास्टनेटमध्ये सर्वांत लहान बोटींच्या गटातून शर्यत पूर्ण करणारी एकमेव बोट कॉन्टेसाच होती, ‘असेंट’. पण या सूत्राला बॅलास्ट (बोट सरळ ठेवणारं वजन) कुठे आहे याचं सोयरसुतक नाही. शिसं कीलच्या (बोटीखालच्या कण्याच्या) तळाशी असो की डोलकाठीच्या टोकाला, आकडा तोच! म्हणून स्टॅबिलिटीचा आलेख मागायचाच. १२० अंश कलूनही बोट परत सरळ व्हायला हवी.

‘३२ फूट म्हणजे फारच लहान’ म्हणणाऱ्यांना आठवण: १९६८-६९ मध्ये ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती ‘सुहेली’ ३२ फुटीच, आणि आपल्या मुंबईत बांधलेली. नौदलाच्या दिलीप दोंदेंनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ५६ फुटी ‘म्हादेई’ कितीही आवडली तरी तिचं मरिनाचं भाडंच आम्हाला झेपणार नाही.

खरं घोडं अडतं ते सामानाशी. माणशी रोज ३ लिटर पाणी धरलं तरी ३० दिवसांचे १८० लिटर, राखीव वेगळं. त्यात शिधा, डिझेल, नांगर, साखळी मिळून टनभर सहज होतं. कॉन्टेसाच्या वजनाच्या ते जवळपास पावपट, रस्लरच्या जेमतेम आठवा हिस्सा. शिवाय रस्लरला लांब कील आणि तिच्याच मागच्या कडेला सुकाणू, त्यामुळे दोर-जाळी अडकण्याची भीती कमी. आपले अभिलाष टॉमी २०२२ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दुसरे आले ते रस्लर ३६ वरच. किंमत मात्र घाम फोडते.

शनिवारी इंग्लंडमधल्या लिमिंग्टनजवळ एक कॉन्टेसा पाहिली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकत गेलो. टक, टक, टक... आणि डाव्या चेनप्लेटपाशी (डोलकाठीच्या तारा जिथे बोटीला जखडतात ती पट्टी) एकदम भद्द. खाली लॉकरमध्ये टॉर्च मारला तर प्लायवूडवर तपकिरी ओघळ, बोटाने दाबलं तर लाकूड मऊ. शिडं कोरी करकरीत होती, तरी तिला रामराम.

आता इंग्लंडमधल्याच फाल्मथची एक रस्लर बघायची आहे. स्टँडिंग रिगिंग (डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा) शेवटचं कधी बदललं, हे मालकाला विचारून ठेवलंय. दहा वर्षांपेक्षा जुनं निघालं तर बदलायचा खर्च किमतीतून कापायला लावणार.