तुम्ही विचारलंत म्हणून: ‘द रिटर्न’ मी परत का बघत नाही

प्रश्न दरवेळी तोच असतो. ‘ट्विन पीक्स’ या जुन्या अमेरिकन रहस्यमालिकेचा विषय निघतो, कोणीतरी म्हणतं जुनं भारी होतं पण २०१७ चं ‘द रिटर्न’ म्हणजे शुद्ध छळ, मग मी बाह्या सरसावून त्याची वकिली सुरू करते, आणि सगळं ऐकून झाल्यावर समोरचा शांतपणे विचारतो, "एवढं ग्रेट आहे तर तू परत का नाही बघितलंस?" जुने दोन सीझन मी कितीदा बघितलेत त्याला हिशेब नाही, आजारी पडले की तेच लागतात. ‘द रिटर्न’चे अठरा भाग मात्र एकदाच, येत होते तेव्हा. जानेवारी २०२५ मध्ये मालिकेचा एक जनक आणि दिग्दर्शक डेव्हिड लिंच गेला, त्यानंतर बऱ्याच जणांनी सगळं पहिल्यापासून बघायला घेतलं आणि तेव्हापासून हे विचारणं फारच वाढलंय. विचारताना ते ‘पकडली!’ असं हसतात ना, त्याचा वैताग येतो. म्हणून एकदाच लिहून टाकते.

एफबीआय एजंट कूपर कोण, गावातल्या लॉराला कोणी मारलं वगैरे सांगत बसत नाही, ते माहितीये म्हणूनच तुम्ही विचारताय. फक्त एवढं आठवा की १० जून १९९१ ला एबीसी वाहिनीवर शेवटचा भाग संपला तेव्हा खरा कूपर रेड रूममध्ये, म्हणजे या जगाबाहेरच्या लाल पडद्यांच्या खोलीत, अडकला होता, त्याच्या चेहऱ्याचा भलताच कोणीतरी आरशावर डोकं आपटून हसत होता, आणि गावातल्या हॉटेलमालकाच्या मुलीने, ऑड्री हॉर्नने, निषेध म्हणून बँकेच्या तिजोरीच्या दाराला स्वतःला साखळीने बांधून घेतलेलं असताना तिथे बॉम्ब फुटला होता. जगली की मेली, पत्ता नाही. तिला तिथेच ठेवून सगळे घरी गेले. रेड रूममधली लॉरा तेवढी कूपरला सांगून गेली होती की पंचवीस वर्षांनी भेटू.

ऑक्टोबर २०१४ मध्ये शोटाइम वाहिनीने मालिका परत येतेय म्हणून जाहीर केलं तेव्हा आमच्यात काय झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या. मग एप्रिल २०१५ मध्ये लिंच पैशांवरून बाहेर पडला, कलाकारांनी त्याच्यासाठी व्हिडिओ केला, मेमध्ये तो परत आला आणि नऊचे अठरा भाग झाले. पुढच्या वर्षी २१७ कलाकारांची यादी आली. ती आम्ही वाचली ती मुख्यतः कोण गळालंय ते बघायला. मायकल ऑन्टकीन नव्हता, म्हणजे शेरीफ हॅरी गेला. लॉराची मैत्रीण झालेली लारा फ्लिन बॉइल नव्हती. ऑड्री झालेली शेरिलिन फेन होती! माझ्या मैत्रिणीने मला फोन करून फक्त "ऑड्री जिवंत आहे" एवढंच म्हटलं आणि ठेवून दिला.

या मैत्रिणीबद्दलच लिहायचंय खरं तर. बाकीचं पटापट.

आलं ते कोणीच मागितलं नव्हतं, हे मला मान्य आहे, आधीही होतं. लोकांना वॉशिंग्टन राज्यातलं ते धुक्यातलं गाव हवं होतं, डबल आर या तिथल्या हॉटेलातली कॉफी हवी होती, जुन्या मालिकेचं बादालामेंटीचं संगीत हवं होतं. मिळालं काय तर न्यूयॉर्कमध्ये एक रिकामी काचेची पेटी आणि तिच्याकडे बघत बसायचे पैसे घेणारा पोरगा, साउथ डकोटात मुंडकं एकीचं आणि धड दुसऱ्याचं, आणि लास वेगास. कूपर तिसऱ्या भागात रेड रूममधून सुटला खरा, पण डगी जोन्स होऊन बसला, ज्याला बाथरूमला जायचंय हेसुद्धा दुसऱ्याने ओळखावं लागतं आणि जो समोरच्याचे शेवटचे दोन शब्द परत म्हणतो. पहिल्या आठवड्यात आम्ही हसलो. नंतर दर आठवड्याला आज जागा होईल, आज होईल, कॉफीचा घोट घेतला की दोघी पुढे सरकून बसायचो, आणि तो परत तसाच. सातव्या भागात रोडहाउस या गावातल्या बारमध्ये एक माणूस जमीन झाडतो, गाणं चालू आहे, कॅमेरा हलत नाही, तो झाडतोय, अजून झाडतोय, आणि कितीतरी लोकांनी तिथेच हात जोडले. आठव्या भागात कॅमेरा १६ जुलै १९४५ च्या न्यू मेक्सिकोतल्या अणुस्फोटाच्या आत शिरतो, पेन्डेरेत्स्कीचं ते किंचाळणारं संगीत, संवाद जवळपास नाहीतच, आणि त्या रविवारनंतर फॅन लोकांचे सरळ दोन तट पडले. टीव्हीवर याहून मोठं काही झालं नाही म्हणणारे एकीकडे आणि हा आपल्याला येडं बनवतोय म्हणणारे दुसरीकडे. तिसऱ्याला जागाच नाही.

मैत्रीण त्या आठव्या भागावर फिदा होती. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकून लोक लगेच म्हणतात "तिला झेपलं नसेल." तिला माझ्यापेक्षा जास्त झेपत होतं.

तर बारावा भाग. ३० जुलै २०१७ ला अमेरिकेत आला, आम्ही दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघितला. तोपर्यंत ऑड्रीचा चेहरासुद्धा दिसला नव्हता, फक्त डॉक्टर हेवर्डच्या बोलण्यात आलं होतं की ती कोमात होती आणि तो खोटा कूपर हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागातून बाहेर पडताना दिसला होता. रिचर्ड हॉर्न नावाचा एक अत्यंत नीच मुलगा मात्र फिरत होता आणि तो कोणाचा, हे दोन अधिक दोन कोणालाही करता येतात. मैत्रिणीने केले होते. ती त्याबद्दल बोलत नव्हती, मीही विषय काढत नव्हते.

त्या भागात सगळंच ताणलेलं आहे. एक फ्रेंच बाई एफबीआयच्या गॉर्डन कोलच्या खोलीतून निघता निघत नाही, पर्स घेते, लिपस्टिक लावते, त्याचा सहकारी अल्बर्ट नुसता उभा, मला हसू आवरेना, मैत्रीण घड्याळ बघतेय. आणि मग अचानक, काही सूचना नाही, काही संगीत नाही, ऑड्री. एका खोलीत उभी. समोर टेबलामागे चार्ली नावाचा नवरा, कागदांच्या ढिगात. आणि ती भांडतेय. बिली दोन दिवस सापडत नाहीये, टीनाला फोन कर, चकने ट्रक चोरला, पॉल... कोण बिली? कोण टीना? यातलं एकही माणूस आपल्याला माहीत नाही. खूप वेळ चालतं ते. शेवटी चार्ली फोन लावतो, आपल्याला पलीकडचं काही ऐकू येत नाही, तो नुसता "काय सांगतेस" टाइप चेहरे करतो, फोन ठेवतो आणि गप्प. ऑड्री ओरडते, ती काय म्हणाली ते सांगणार नाहीस का? नाही सांगत. संपला सीन.

मैत्रीण म्हणाली, "बंद कर."

मी म्हटलं थांब, रोडहाउसचं गाणं बाकी आहे. ती म्हणाली, "सव्वीस वर्षं तिला बॉम्बखाली ठेवली. आता बाहेर काढली ती हे असं ओरडायला?" आणि इथे मी सुरू झाले. मला आठवतंय मी काय बोलले, आणि खरं सांगायचं तर मुद्दे आजही मी तेच मांडते: तो तुझ्याच अपेक्षेला सीनमध्ये घालतोय, चार्ली म्हणजे लिंच आणि ऑड्री म्हणजे आपण, आपणच ओरडतोय सांग सांग आणि तो सांगत नाहीये. फार हुशार वाटत होतं मला बोलताना. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला समजावू नकोस. मला कळलंय. कळलंय म्हणूनच डोकं फिरलंय."

मग मी म्हणाले की मग तू फॅन कसली, तुला फक्त ती चेरीच्या देठाची जिभेने गाठ मारणारी पोरगी परत हवीये.

"हो. हवीये. त्यात काय चुकलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी आवाज वाढवला. तिचं म्हणणं असं की १९९१ मध्ये एबीसीने मालिका मध्येच थांबवली तेव्हा लोकांनी पत्रांचा मारा करून उरलेले भाग दाखवायला लावले, नंतर इतकी वर्षं लोकांनीच ती जिवंत ठेवली, मासिकं काढली, जिथे चित्रीकरण झालं त्या गावांत जाऊन कॉफी पिऊन आले, आणि आता त्यांनाच शिकवायचं की तुमचं प्रेम म्हणजे स्मरणरंजन आहे, हा कुठला न्याय? आणि ऑड्रीच्या बाबतीत तर तिला फार साधं विचारायचं होतं. कूपरला अख्खे पंधरा-सोळा तास देऊन परत आणणार आहात ना, मग तिच्यावर जे झालं त्याची एक ओळ तरी द्याल की नाही? मी म्हटलं अजून सहा भाग आहेत. ती चपला घालत म्हणाली, "तुझा लिंच तुला लखलाभ."

आम्ही आजही बोलतो, वाढदिवस, कामं, आईची तब्येत, सगळं. हे सोडून.

आणि पंधराव्या भागात सगळं आलं हो! जुन्या मालिकेपासून एकमेकांवर प्रेम असलेले एड आणि नॉर्मा शेवटी एकत्र आले, ओटिस रेडिंगचं गाणं, तिला ज्यासाठी हे बघायचं होतं ते सगळं त्या पाच मिनिटांत होतं. ओंडका घेऊन फिरणाऱ्या लॉग लेडीने पोलिसातल्या हॉकला शेवटचा फोन केला, आणि तिचं काम करणारी कॅथरीन कूलसन सप्टेंबर २०१५ मध्येच गेली होती, तो सीन करून लगेच, त्यामुळे ते बघताना अभिनय कुठे संपतो ते कळेना. त्या आठवड्यात दोन्ही तट गप्प होते. सोळाव्यात कूपर जागा झाला, "आय अॅम द एफबीआय" म्हणाला, मी एकटी सोफ्यावर उभी राहून ओरडले. आणि त्याच भागात रोडहाउसचा निवेदक म्हणतो, ‘ऑड्रीज डान्स’. गर्दी बाजूला होते, तीच जुनी धून, आणि ती डोलायला लागते, १९९० मध्ये डबल आर मध्ये नाचली होती तशीच. मग मारामारी होते, ती चार्लीला म्हणते मला इथून बाहेर काढ, आणि एकदम पांढरी खोली, आरसा, मेकअप नसलेला तिचा चेहरा. बस. तेवढंच. पुढे ती नाही.

मी मैत्रिणीला मेसेज केला, ऑड्रीचा डान्स आला, प्लीज बघ. तिने नंतर फक्त एवढंच विचारलं, "मग सोडवलं का कोणी तिला?"

मी काही लिहिलं आणि खोडलं आणि शेवटी "नाही" पाठवलं.

आता लोक मला पुरावे आणून देतात. ‘काइए दु सिनेमा’ या फ्रेंच मासिकाने २०१७ चा सर्वोत्तम चित्रपट म्हणून निवडलं, मग दशकाचाही सर्वोत्तम, म्हणजे बघ तू बरोबर होतीस! एक तर तो चित्रपट नाही, टीव्ही आहे, आठवडा आठवडा वाट बघायला लावणारा टीव्ही, आणि ज्यांनी सलग बसून दोन-तीन दिवसांत संपवलं त्यांनी वेगळंच काहीतरी बघितलंय असं माझं ठाम मत आहे (चिडा खुशाल). आणि दुसरं म्हणजे १९९२ च्या ‘फायर वॉक विथ मी’ या ‘ट्विन पीक्स’च्याच चित्रपटाला तेव्हा धुतलं, आज डोक्यावर घेतात, म्हणून याचंही तसंच होईल, हा युक्तिवाद मला कधीच आवडला नाही, जरी मी स्वतः तो भरपूर वापरलाय. काळाने एका गोष्टीला न्याय दिला म्हणजे सगळ्यांना देतो असं थोडंच आहे. आणि दिला तरी तिचा प्रश्न तिथेच राहतो. तिने मालिका वाईट आहे असं म्हटलंच नव्हतं.

तर परत का बघत नाही.

एक उत्तर सोपं आहे आणि ते मी बहुतेकांना देते, की डगीच्या त्या आठवड्यांमुळेच सोळाव्या भागाला ती ताकद आहे, आणि कूपर कधी उठणार हे माहीत असताना ती वाट परत बघता येत नाही. काही जण सुचवतात डगीचे सीन पळव. पळवले तर मग उरतं काय, एक माणूस हॉस्पिटलमध्ये उठतो. हे उत्तर खरं आहे, फक्त पुरेसं नाही, कारण लॉराला कोणी मारलं हे माहीत असूनही जुनं मी बघतेच की.

दुसरं उत्तर बाराव्या भागाचं आहे. तो लावला तर दोनातलं एक होणार. ऑड्री ओरडायला लागली की मला मैत्रिणीचं पटेल, साफ पटेल, आणि मग इतकी वर्षं लोकांशी भांडून मी नेमकं काय वाचवत होते ते मला बघावं लागेल. नाहीतर उलटं होईल, मला तो सीन २०१७ पेक्षाही जास्त आवडेल, चार्लीचा तो निर्विकार चेहरा, तो फोन, सगळं, आणि ऑड्रीचं काय झालं याचं मला काहीच वाटणार नाही. यातलं जास्त वाईट कुठलं ते मला ठरवता येत नाही. कधी वाटतं तिलाच बोलवावं आणि दोघींनी मिळून लावावा. पण ती येणार नाही, आणि आली तर मी परत समजावायला लागेन, मला माहितीये मी.

शेवटच्या भागाचा अर्थ काय, ते कुठलं वर्ष होतं, लॉरा का किंचाळली, हे मला विचारू नका, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आणि तुम्ही नव्याने बघत असाल तर जरूर बघा, आठवड्याला एकच भाग. बारावा झाला की सांगा मला काय वाटलं ते. समजावणार नाही, शब्द देते. निदान प्रयत्न करेन.