सुरगाठ, निरगाठ

गच्चीवर कपडे काढायला गेलेल्या माणसाला दोरीकडे बघायचं काही कारण नसतं. त्याचं लक्ष कपड्यांकडे आणि आभाळाकडे. पण एखाद्या दुपारी ओली चादर टाकताना दोरी पोटाशी येते आणि नजर उगाचच तिच्या टोकांकडे जाते. एक टोक टाकीच्या पाइपाला बांधलेलं: दोन पूर्ण वेढे, त्यांना लागून दोन अर्ध्या गाठी, उरलेलं शेपूट बोटभर. बस्स. दुसरं टोक कठड्याच्या गजाला. तिथे गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी एक. मोजल्या तर सात भरल्या, आणि त्यांवर खबरदारी म्हणून दुधाच्या पिशवीची पट्टीही आवळलेली.

पाइपाकडचं टोक बांधणारा शाळेत स्काऊटमध्ये होता, यावर चहाची पैज लावायला हरकत नाही. स्काऊटचे नियम नऊ. त्यातला पाचवा कोणता, असं आज विचारलं तर तो माणूस खिडकीबाहेर बघेल. वचन अर्धं आठवेल, झेंडागीताची चाल आठवेल, शब्द नाहीत. हातांना मात्र सगळं आठवतं. बत्तीस वर्षं फाइलींवर सह्या केलेले हातसुद्धा दोरी पाहिली की वेढा घालतात, खालून काढतात, वरून ओवतात आणि थांबतात. थांबतात हे महत्त्वाचं. सात गाठी मारणाऱ्याचं दुखणं तेच असतं, त्याला कुठे थांबावं ते कळत नाही.

मराठीने गाठींची दोनच घराणी केली आहेत, सुरगाठ आणि निरगाठ. एक ओढली की सुटणारी, दुसरी ओढली की आवळणारी. पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसली की आधी नखं, मग दात, मग आई, या क्रमाने इलाज होत असे. स्काऊटमध्ये गेल्यावर या दोन घराण्यांची पुढची वंशावळ कळते: रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, शीपशँक, बोलाइन, फिशरमन्स नॉट. साताऱ्याकडच्या एखाद्या शाळेच्या मैदानात आठवीतला मुलगा तोंडात अर्धा पेरू ठेवून ‘शीपशँक’ म्हणतो तेव्हा त्याचा ‘शिपसँग’ होतो, पण गाठ बरोबर येते. गाठीची परीक्षाही सोपी. भार आहे तोवर धरली पाहिजे, भार काढला की दोन बोटांनी सुटली पाहिजे. निरगाठ पहिल्या भागात पास होते आणि दुसऱ्यात नापास.

रीफ नॉट सगळ्यांना येते असं सगळ्यांना वाटतं. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दुसऱ्या वेळीही उजवंच डाव्यावर गेलं तर जे होतं त्याला स्काऊट लोक ‘ग्रॅनी’ म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्या साहेबाने आपल्याकडच्या आज्या पाहिल्या नसाव्यात. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधताना त्यांनी मारलेली गाठ वर्ष वर्ष हलत नसे. असो. ग्रॅनी ओळखायची असेल तर बुटाच्या नाडीकडे बघावं. फुलाचे कान बुटाला आडवे बसले तर रीफ, पायाच्या दिशेने उभे फिरले तर ग्रॅनी, आणि दिवसातून तीनदा वाकणं आलं. रीफ सपाट बसते म्हणून ती बँडेजची गाठ, अंगाला टोचत नाही. सोडायचीही युक्ती आहे. एक टोक उलट्या दिशेला झटक्यात ओढलं की गाठ उलटते आणि दुसऱ्या दोरीवरून घसरून येते. हाच तिचा गुण आणि हाच दोष. म्हणून वजन पेलायला दोन दोऱ्या जोडताना रीफ कधीही नको, आणि जाड-बारीक दोऱ्या जोडायच्या तर शीट बेंड.

पथकात जास्तीत जास्त बत्तीस मुलं, प्रत्येकाच्या हातात तीनेक मीटरची दोरी, आणि समोर एक स्काऊट मास्टर. हा बहुतेक शाळेतलाच कुणीतरी गुरुजी असतो. भूगोल शिकवतो, निवडणुकीच्या यादीचं काम करतो, आणि स्काऊट हे ‘तेवढं तुम्ही बघा’ या तीन शब्दांत अंगावर आलेलं असतं. पगारात त्याचा वेगळा रकाना नाही. काही जण ते फक्त ‘बघतात’. काही मात्र त्यात अडकतात. बेसिक, मग ॲडव्हान्स, मग हिमालय वुड बॅज असे कोर्स करतात, पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात जाऊन येतात आणि गळ्यात कातडी दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी घालून परततात. घरचे विचारतात, एवढे दिवस घालवून हेच मिळालं का?

असा अडकलेला गुरुजी ओळखायची खूण वेगळी आहे. गाठ शिकवताना तो मुलांच्या समोर उभा राहत नाही. समोर उभं राहिलं की त्याचं उजवं ते मुलांचं डावं होतं आणि बत्तीसच्या बत्तीस ग्रॅनी तयार होतात. तो मुलांच्या बाजूला, नाहीतर त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो आणि हात डोक्यावर धरून गाठ मारतो. दोरीच्या एका टोकाला लाल रंग लावलेला असतो, म्हणजे ‘उजवं-डावं’ऐवजी ‘लाल पांढऱ्यावर’ म्हणता येतं. एकदा दाखवून झालं की तो हात पाठीमागे बांधतो. सावधान-विश्राममधला विश्राम. या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम तिथून पुढे सुरू होतं, कारण समोर मुलगा दोरी चुकीची ओवत असतो, ते दिसत असतं, आणि आपलं बोट पुढे न्यायचं नसतं.

स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिली छावणी घेतली तेव्हा वीसेक मुलं होती, आणि त्यांचे लगेच चार संघ पाडले होते: लांडगे, बैल, डोमकावळे आणि चौथा एका लांब चोचीच्या पाणपक्ष्याचा. प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक नायक. एवढ्या मुलांना एका माणसाने हाकणं अशक्य नव्हतं, तरी हाकलं नाही. आजही संघ सहा ते आठ मुलांचाच. नायक सगळ्यात हुशार मुलगा नसावा, असं माझं मत. हुशार मुलगा सगळ्यांची कामं स्वतःच करून टाकतो. थोडा आळशी, पण सगळ्यांना हवाहवासा असलेला नायक बरा, त्याला कामं वाटून देता येतात. हे नायक आणि स्काऊट मास्टर मिळून जी बैठक घेतात तिचं नाव ‘कोर्ट ऑफ ऑनर’. नाव उच्च न्यायालयाला शोभेल असं, खटला मात्र गरुड संघाची पळी मोर संघाच्या बादलीत सापडली एवढाच. गुरुजी तिथेही बोलायचं कमीच. निकाल मुलांनी द्यायचा, आणि तो मोठ्यांच्या निकालापेक्षा हमखास कडक असतो. मग गुरुजींचं काम शिक्षा कमी करून घेण्याचं.

आपल्याकडे शिबिरं थंडीत होतात. आठ जणांच्या संघाची खिचडी म्हणजे माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, त्याच्या तिसऱ्या हिश्शाने मुगाची डाळ, आणि पाणी एकूण धान्याच्या तिप्पट. उघड्या चुलीवर वाफ जाते म्हणून घरच्यापेक्षा जास्त. तीन दगडांच्या चुलीचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं, नाहीतर पेटत नाही, नुसती धुमसते. पातेल्याला बाहेरून चिखलाचा नाहीतर राखेचा लेप द्यायचा. तो विसरला तर घासणाऱ्याला संध्याकाळपर्यंत काजळीशी कुस्ती. एवढं करूनही खिचडी बिघडते, आणि कारणं दरवर्षी तीच. झाकण दर दोन मिनिटांनी उघडलं जातं. मीठ दोघांनी घातलेलं असतं, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने घातलं नाही. आणि जाळ मोठा केला की लवकर शिजतं या समजुतीने खाली कोळसा आणि वर कच्चे तांदूळ अशी दुमजली खिचडी तयार होते. गुरुजी हात मागे बांधून ती दुमजली खिचडी खातात. खावी लागते. ‘छान झालीय’ असं मात्र म्हणू नये, मुलांना चव कळते.

जेवणाइतकंच गंभीर प्रकरण गॅजेट्सचं. काठ्या आणि सुतळी यांतून ताटांचं मांडण, चपलांचा स्टँड, बादलीची तिवई. खिळा एकही नाही. दोन काठ्या काटकोनात बांधायच्या तर स्क्वेअर लॅशिंग: उभ्या काठीला, आडवीच्या अगदी खाली, क्लोव्ह हिच. सुतळीचं आखूड टोक लांब टोकाला पिळून घ्यायचं. मग आडवीच्या पुढून, उभ्याच्या मागून असे तीन-चार वेढे, एकाशेजारी एक, एकावर एक नाही. शेवटी दोन्ही काठ्यांच्या मधून दोन-तीन वेढे आडवे घालून आवळायचं आणि आडव्या काठीवर क्लोव्ह हिचने संपवायचं. सगळा जोर त्या मधल्या आवळणाऱ्या वेढ्यांत असतो. मुलं नेमके तेच सैल घालतात, कारण तोवर सुतळी संपत आलेली असते आणि हात दुखत असतात. मग तपासणीच्या वेळी पाहुण्यांनी मांडणावर टिचकी मारली की आठही ताटं एका आवाजात खाली. नायलॉनची दोरी असेल तर विचारूच नका. ती गुळगुळीत, क्लोव्ह हिच बसल्याजागी फिरते, मागे एक-दोन अर्ध्या गाठी जोडाव्याच लागतात. सुतळी आणि काथ्या यांना खरखर असते, ते धरून राहतात.

काथ्याचा आणि सुती दोरीचा एक स्वभाव शहरातल्या मुलाला माहीत नसतो. भिजली की ती आखडते. रात्री तंबूच्या ताणदोऱ्या छान तंगवून मुलं झोपली आणि पहाटे दव पडलं, की दोऱ्या आखडून खुंट्या उपटतात आणि कापड गालाला लागतं. म्हणून झोपण्याआधी एक फेरी मारून दोऱ्या थोड्या सैल करायच्या. ही फेरी गुरुजी स्वतः मारतात. रात्री साडेदहाला, बॅटरीच्या उजेडात, मुलांना न उठवता. दिवसभर हात मागे ठेवणाऱ्या माणसाला तेवढी मोकळीक असावी.

पण सगळ्यांचा श्वास अडकतो ती गाठ झेंड्याची. या देशातल्या प्रत्येक माणसाने आयुष्यात एकदा तरी ती न सुटलेली पाहिली आहे. घडी घातलेला झेंडा दोरीच्या सुरगाठीत गुंडाळून वर जातो. आत फुलांच्या पाकळ्या. पाहुणे दोरी ओढतात. काही होत नाही. पुन्हा ओढतात. बँडवाला काठ्या उचलून तयार, मुख्याध्यापकांची नजर गुरुजींवर, गुरुजींची वर. कारण बहुतेक वेळा एकच असतं. सुरगाठ फक्त तिच्या मोकळ्या टोकाने सुटते. दुसरी दोरी ओढली की तीच सुरगाठ निरगाठ होते, आणि प्रत्येक झटक्याने आणखी. किंवा खोवलेला फास गरजेपेक्षा लांब असतो. किंवा पाकळ्या हौसेने मूठभर जास्त भरलेल्या असतात आणि घडी फुगून दोरीत रुतते. म्हणून आधी एकदा जमिनीपासून हातभर वर ओढून सोडून बघतात. ती सुटते. मग पुन्हा बांधतात, आणि आता पाहुणे आले आहेत म्हणून भीतीने थोडी जास्त आवळतात. घोळ तिथेच होतो.

२६ जानेवारीला ही गाठ गुरुजींनी मारायची की मुलाने, यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, वर्षभर शिबिरात रोज सकाळी मुलंच बांधतात, मग त्याच दिवशी का नाही? दुसरा म्हणतो, त्या दिवशी आमदार असतात. दुसऱ्या पक्षाचं बहुमत आहे. तरी कुठे कुठे नववीतला एक मुलगा खांबाशी गुडघा टेकून घडी घालताना दिसतो. केशरी वर राहील ना हे तो दोनदा बघतो, ओठ हलत असतात, आणि त्याच्यामागे चार पावलांवर एक माणूस हात पाठीशी बांधून उभा असतो. त्याचा अंगठा मात्र पाठीमागे दुसऱ्या हाताच्या बोटांवर गाठ मारत असतो.

खरी कमाईबद्दल, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवायच्या स्काऊटच्या उपक्रमाबद्दल, लिहायचं राहिलं. पूर्वी मुलं कार्ड घेऊन शेजाऱ्यांची बेल वाजवायची, ‘काही काम आहे का’ विचारायची, सायकल पुसून आठ आणे आणि सही घ्यायची. आता शाळेतच भेळेचे स्टॉल लागतात, चिंचेची चटणी आई करते, गिऱ्हाईक बाबा, आणि नफ्याच्या हिशेबात चटणी धरलेली नसते. हिशेब तेवढा खर्चासकट लिहून घ्यावा. बेल वाजवायची भीती गेली ती गेलीच, त्याला इलाज नाही.

स्काऊटच्या स्कार्फच्या टोकाला एक छोटी गाठ असते. रोज एक सत्कृत्य करायचं आहे, याची आठवण म्हणून. आपल्या बायका पदराला मारायच्या तीच ही खूणगाठ. संध्याकाळी तिच्याकडे लक्ष जातं तेव्हा दिवस संपलेला असतो, आणि मग घाईघाईने कुणाची तरी पिशवी जिन्यापर्यंत नेली जाते, ज्याची पिशवी त्याची इच्छा असो वा नसो.

तर ती गच्चीवरची दोरी. पाइपाकडचं टोक चादरीच्या वजनाने जरा आवळलंय, पण दोन बोटांत सुटेल. गजाकडचं टोक सोडायचं झालं तर विळीच लागणार. ते अजून सुटलेलं मात्र नाही, हेही सांगायला हवं. दोरी मधे वाकली आहे ती तिसऱ्याच कारणाने, चादर ओली असते तेव्हा ती जड असते. चार वाजेपर्यंत वाळेल.