ब्लेड: बेटाकडे पाठ करून

ब्लेडच्या तळ्यात स्वतः होडी वल्हवायला बसलं की पहिली पंचाईत ही, की ज्या बेटासाठी स्लोव्हेनिया गाठलं ते पाठीमागे असतं. वल्हवणाऱ्याचं तोंड होडीच्या मागच्या टोकाकडे. दर मिनिटाला मान वळवून बेट बघत राहिलं तर एका हाताचा जोर कमी पडतो आणि होडी नागमोडी जाते. म्हणून म्लिनो या तळ्याकाठच्या वस्तीतून निघतानाच किनाऱ्यावरचं एखादं घर हेरून ठेवायचं आणि ते होडीच्या मागच्या टोकाच्या रेषेत राहील असं बघायचं. घर ज्या बाजूला सरकेल त्या बाजूचं वल्हं जोरात ओढायचं. मान वळवायची ती वीसेक ओढींनंतर एकदा, तीही समोरून प्लेत्ना, म्हणजे प्रवाशांची मोठी नाव, येत नाही ना एवढं बघायला.

वल्ह्याचं पातं उभं धरा आणि जेमतेम बुडेल इतकंच पाण्यात घाला. खोल गेलं की पाणी ते धरून ठेवतं आणि मूठ छातीवर येऊन आदळते. दोन्ही मुठी मध्यावर एकमेकींना भिडत असतील तर एक हात बोटभर वर ठेवा, नाहीतर बोटांची सालटं निघतात. जोर दंडांचा नाही, पायांचा आणि पाठीचा.

होडी तासावर मिळते आणि सगळ्यांचं गणित इथेच चुकतं. नवख्याला म्लिनोहून जायला वीस मिनिटं धरा, यायला वीस. उरलेल्या वीस मिनिटांत होडी बांधणं, १६५५ साली बांधलेल्या ९९ पायऱ्या आणि वरचं चर्च! सरळ दोन तासांची घ्या, आणि सकाळी घ्या. उन्हाळ्यात या डोंगरांत दुपारनंतर गडगडाट सुरू व्हायला वेळ लागत नाही. बेटावर प्लेत्नांच्या जागेत घुसू नका, होड्यांसाठी ठरवलेल्या ठिकाणीच लावा.

प्लेत्ना म्हणजे इथली छपराची, सपाट बुडाची लाकडी नाव. नावाडी उभ्याने दोन वल्ही मारतो. चढायचं मागच्या रुंद टोकातून, आणि नावाडी सांगेल त्याच बाजूला बसायचं, कारण वजन दोन्हीकडे सारखं नसेल तर नाव कलते. फोटोसाठी सगळे एका अंगाला धावले की तो ओरडतो, ते बरोबरच आहे. तळ्यात इंधनावरच्या मोटरबोटी पर्यटकांसाठी चालत नाहीत. ती शांतता मला तळ्याकाठच्या कड्यावरच्या किल्ल्यापेक्षा मोलाची वाटते.

चर्चमधल्या इच्छापूर्तीच्या घंटेचा दोर हिसडून ओढणारे हमखास फसतात. जड घंटा एका झटक्याने हलत नाही. दोर खाली घ्या, वर जाऊ द्या, परत येताना पुन्हा ओढा. झोका वाढला की ती आपसूक वाजते. ही घंटा १५३४ सालची, इटलीतल्या पाडुआहून आलेली.

आता माझी तक्रार: स्टेशनं. ‘लेस्त्से ब्लेड’ नावात ब्लेड असूनही गावापासून चारेक किलोमीटरवर आहे, पुढे बस घ्यावी लागते. ‘ब्लेड येझेरो’ तळ्यालगत खरं, पण पश्चिम टोकाला, आणि राजधानी ल्युब्लियानाहून तिथे यायचं तर येसेनित्सेला गाडी बदलावी लागते. गावातली बहुतेक हॉटेलं पूर्व टोकाला, म्हणजे बॅगा ओढत अर्धं तळं पालथं घालायचं. ल्युब्लियानाहून सुटणारी बस थेट गावात आणते. सामान असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही.

वरून फोटो हवा तर ओइस्त्रित्सा ही टेकडी किंवा तिच्याहून उंच माला ओसोइनित्सा (६८५ मीटर). तिथून नजर पूर्वेकडे जाते, त्यामुळे सकाळी ऊन थेट लेन्समध्ये शिरतं. दुपारनंतर जा. मुरमावर घसरत उतरायचं असल्याने चपला नकोत.

तळ्याला फेरी सहा किलोमीटरची. अर्नोल्ड रिक्ली नावाचा स्विस माणूस १८५५ पासून रोग्यांना इथे अनवाणी फिरवून, उन्हात बसवून बरं करायचा आणि त्यातूनच गाव ‘हवापालटाचं’ झालं. आता हवापालटाला येणारे क्रेमश्निता नावाच्या केकसाठी रांग लावतात. १९५३ पासूनचा हा सात सेंटिमीटरचा चौकोन: खालीवर खुसखुशीत पापुद्रा, मधे पिवळं कस्टर्ड आणि त्यावर पांढरी क्रीम. अंडं आहे, न खाणाऱ्यांनी आधीच ठरवावं. वरून काटा दाबलात तर पापुद्रा तुटत नाही आणि सगळी क्रीम बाजूने बाहेर येते. तुकडा आडवा पाडायचा आणि कापायचा. पिठीसाखर काळ्या कपड्यांवर सांडतेच.